मुकादमाची वही

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला मामांनी चोपडीबरोबर पेनड्राइव्हलाही हळदकुंकू लावलं. मी हसले, तर म्हणाले, "हसू नको, सगळी आडत त्यात हाय." पंधरा दिवसांतच कळलं, त्यात चालू वर्षाचं काहीच नव्हतं.

लातूरच्या मार्केट यार्डात मामांची आडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून द्यायचं दुकान. तिथलं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, मी बघते. दिवाळीनंतर सोयाबीनची धांदल. त्या दुपारी लाईट गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच बसली होती. "सीझन होऊ दे, मग बदलू" असं मामांचं चाललेलं. तिसऱ्यांदा लाईट आली आणि कॉम्प्युटरमधून टक्-टक् आवाज यायला लागला. हार्डडिस्क गेली होती.

मी निवांत होते. रोज दुकान वाढवताना डेस्कटॉपवरच्या एका फाइलवर क्लिक करायचे, काळी खिडकी उघडायची, अक्षरं पळायची, झाला बॅकअप. घरचा लॅपटॉप आणला, पेनड्राइव्ह लावला, टॅलीतली कंपनी, म्हणजे आमच्या हिशेबाची फाइल, उघडली. शेवटची नोंद 31 मार्चची.

घोळ माझाच. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची कंपनी मी नव्या फोल्डरमध्ये काढली होती, आणि ती काळी खिडकी इमानेइतबारे जुन्याच फोल्डरची नक्कल करत राहिली. सात महिने. एक दिवस खाडा नाही.

त्यात टॅलीचं लायसन्स नव्या मशीनवर घ्यायचं तर अनलॉक की मेलवर येते, आणि मेल आयडी आमच्याकडं आधी काम करणाऱ्या पोराचा. तो पुण्यात. पासवर्ड आठवायला त्याला दोन दिवस लागले.

मग सुरू झालं जुळवाजुळवीचं काम. खरेदीदारांची बिलं जीएसटी पोर्टलवरून निघाली. बँकेचं स्टेटमेंट निघालं. पण शेतकऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे विकल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या? काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीच्या, कार्बन कॉप्या होत्या, त्यातल्या निम्म्या इतक्या फिक्या की उन्हात धरून वाचाव्या लागल्या. सगळ्यात अवघड उचल. पेरणीला दिलेले रोख पैसे फक्त टॅलीत आणि मामांच्या डोक्यात. औशाकडचे एक आजोबा तर आपणहून आले, म्हणाले, "बाई, माझ्याकडं पाच हजार निघत्यात, लिहून घ्या." सगळेच असे आले असं नाही.

तिसऱ्या दिवशी हमालांचे मुकादम दारात उभे. "ताई, आमची वही हाय की." हमाली कट्ट्यावर, म्हणजे दर पोत्यामागं मिळते, म्हणून ते रोज लिहितात: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे. वही रात्री दुकानात राहत नाही, त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत जाते. त्या वहीवरून मी नऊ दिवसांत सात महिने उभे केले. खरा बॅकअप तो होता: दुसऱ्याच्या हातचा, दुसऱ्या जागी ठेवलेला, आणि रोज उघडून बघितला जाणारा.

नंतर मामांना दोनच प्रश्न विचारले. किती दिवसांचं लिखाण गेलं तर चालेल? "एका दिवसाचं. तेवढं आठवतंय मला." आणि कॉम्प्युटर किती वेळ बंद चालेल? "सौदा निघाला की पट्टी पाहिजे. दुपारपर्यंत." सगळी व्यवस्था या दोन उत्तरांवरून ठरली. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक यार्डाबाहेर. जुना लॅपटॉप टॅली टाकून तयार. लायसन्सचा मेल मामांच्या नावावर, पासवर्ड कागदावर, कागद मामींच्या कपाटात. आणि बॅटरी, अर्थातच.

बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, हे मी हट्टानं पाळते. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा जगभरच्या मशीनमधल्या फायलींना कुलपं लागली. असल्या व्हायरसला जोडून ठेवलेली डिस्कही सुटत नाही. गुगल ड्राइव्हच्या भरवशावरही सगळं सोडत नाही. सिंक म्हणजे आरसा, इकडं पुसलं की तिकडंही पुसतं.

एक प्रत दुकानाच्या माडीवर ठेवू, असं मामेभाऊ म्हणाला होता. मामांनी ऐकून घेतलं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, भूकंपानं किल्लारी हलली तेव्हा मामा तिकडं मदतीला गेलेले. "खालचं घर आन् माडी एकाच ढिगात असतीय," एवढंच बोलले. आमची प्रत आता मावशीकडं उदगीरला असते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यार्ड बंद असताना मी जुन्या लॅपटॉपवर डेटा चढवते आणि कुठलाही एक दिवस काढून मुकादमांच्या वहीशी ताडून बघते. मागच्या महिन्यात एका पट्टीवर 42 कट्टे निघाले, वहीत 43. काटापट्टी काढली. त्यावरही 43. टॅलीत मी चुकले होते.