अमर एकादश: दहा अनवाणी, एक बुटातला (कामाची नोंद, आठवडा नववा)

काल रात्री साडेअकराला हाबुल सरकार पहिल्यांदा आधाराशिवाय उभा राहिला. अकरातली ही सातवी मूर्ती. दहा मिनिटं मी नुसता बघत बसलो, मग हळूच टेबल हलवून पाहिलं. हलला नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९११ साली आयएफए शील्ड ही कलकत्त्याची मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या मोहन बागान या तिथल्याच संघाचे अकराच्या अकरा खेळाडू मी १ः१६ या मापात करतोय. साडेपाच फुटांचा माणूस या मापात साडेदहा सेंटिमीटरचा होतो, गोलपोस्ट ४६ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच, चेंडू १४ मिलिमीटरच्या आत. आत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा, वर इपॉक्सी पुट्टी, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग. शाडू मला मनापासून आवडतो, पण या मापाचा घोटा शाडूत टिकत नाही.

आणि या संघात सगळं घोट्यावरच येतं. अकरातले दहा अनवाणी खेळले. बूट होते फक्त लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, सुधीर चटर्जीच्या पायात. हे आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलंय. पण हाताने करायला घेतल्यावर त्याचा अर्थ वेगळाच कळला. सुधीर पहिल्या संध्याकाळी उभा राहिला. बुटाचा तळ रुंद, घोटा झाकलेला, पुट्टीला धरायला भरपूर जागा. बाकीच्यांनी मला महिनाभर रडवलं. अनवाणी पाऊल या मापात जेमतेम दीड सेंटिमीटरचं होतं, त्यात धावणारा माणूस चवड्यावर, म्हणजे टेकायला उरतात सहा-सात मिलिमीटर. राजेन सेनगुप्ताचा डावा पाय तीनदा मोडला. शेवटी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो. तिथल्या एका काकांना मूर्ती दाखवली तर त्यांनी आधी उलटी करून तळपाय बघितला. म्हणाले, "तार घोट्यात कशाला संपवलीस? टाचंतनं खाली काढ की. पाटात रोव, मग बघ." एवढंच. तार दोन सेंटिमीटर लांब ठेवली, पाटाला भोक पाडलं, आणि प्रश्न सुटला. चवड्यावर असलेल्यांची तार अर्थात चवड्यातून निघते.

आता या वेळच्या मुख्य विषयाकडे येतो. पहिल्या चार मूर्ती मी मोडून परत का केल्या, हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

सुरुवातीला माझ्या डोक्यात १९११ची फायनल म्हणजे चमत्कार होता. गरीब, अनवाणी, किडकिडीत पोरं आणि समोर धिप्पाड गोरे सैनिक. मूर्तीही तशाच झाल्या: बारीक दंड, आत गेलेल्या छात्या, चेहऱ्यावर आश्चर्य. मग क्लबचा आधीचा इतिहास नीट वाचत गेलो आणि त्या चारही मूर्ती चुकीच्या वाटायला लागल्या.

मोहन बागान स्थापन झाला १५ ऑगस्ट १८८९ला, उत्तर कलकत्त्यात फरियापुकुरमधल्या मोहन बागान व्हिला या बंगल्यात. मित्र, सेन आणि बसू ही घराणी पाठीशी होती. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू, नामांकित वकील, जे पुढे १९१४ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नाव आधी मोहन बागान स्पोर्टिंग क्लब होतं. वर्षभरात प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक रो यांच्या सूचनेवरून ते मोहन बागान अ‍ॅथलेटिक क्लब झालं. खेळायचे आधी बंगल्याच्याच आवारात, पुढे श्याम स्क्वेअरला, आणि मग कलकत्त्याच्या मोठ्या मैदानावर. पहिली पंधराएक वर्षं हाताला काही लागलं नाही. १८९३ साली कूचबिहार कपमध्ये उतरले आणि तोच कप जिंकायला १९०४ उजाडलं. अकरा वर्षं!

मधल्या काळात घडलेली गोष्ट माझ्या मते या क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी आहे, आणि तिच्यावर सगळ्यांत कमी लिहिलं जातं. १९०० साली सुभेदार मेजर शैलेन बसू सचिव झाले. फौजेतला माणूस. त्यांनी संघाला शिस्त लावली, अंगमेहनत आणि दम वाढवणारा सराव सुरू केला. त्याची फळं ओळीने दिसतात. १९०४ला कूचबिहार कप, १९०५ला पुन्हा तोच. १९०५लाच चिनसुरामध्ये ग्लॅडस्टोन कपच्या फायनलला डलहौसी या संघावर ६-१ने विजय. हा डलहौसी म्हणजे त्याच वर्षीचा शील्ड विजेता! त्यानंतर १९०६, १९०७, १९०८ अशी सलग तीन वर्षं ट्रेड्स कप. १९०९ला शील्डमध्ये पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तेव्हा गॉर्डन हायलँडर्स या ब्रिटिश पलटणीकडून हरले. आणि दोन वर्षांनी १९११.

हा क्रम भिंतीवर चिकटवला आणि सरळ कटर घेऊन चारही मूर्ती पाटावरून काढल्या. सहा-सात वर्षं एका माणसाच्या हाताखाली घाम गाळलेली ही शरीरं आहेत. आपल्या तालमीत सकाळी पाचला उठणारी पोरं ज्यांनी बघितलीत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बारीक असतील, पण किडकिडीत नाहीत. पोटरी भरीव, खांदे मागे, मान ताठ. नव्या मूर्तींत पोटरीवर पुट्टीचा एक जादा थर आहे. चेहऱ्यावर आश्चर्य तर अजिबात ठेवलेलं नाही. ते जिंकायलाच आले होते.

रचना २-३-५, म्हणजे दोन बॅक, तीन हाफबॅक आणि पाच पुढे, त्या काळची सर्वमान्य. गोलमध्ये हीरालाल मुखर्जी. बॅक भूती सुकुल आणि सुधीर चटर्जी. हाफबॅक मनमोहन मुखर्जी, राजेन सेनगुप्ता, नीलमाधव भट्टाचार्य. पुढे उजवीकडून कानू रॉय, हाबुल सरकार, अभिलाष घोष, विजयदास भादुरी आणि लेफ्ट आऊटला कप्तान शिबदास भादुरी.

मनमोहन करताना मला वेगळाच आनंद झाला. त्याचा मुलगा बिमल मुखर्जी १९३९ साली मोहन बागानचा कप्तान होता, आणि त्याच वर्षी क्लबने कलकत्ता लीग पहिल्यांदा जिंकली. बापाकडे शील्ड, मुलाकडे लीग. म्हणून मनमोहनच्या मूर्तीला मी एकट्याला जरा मागे वळून बघताना दाखवलंय. ही माझी मोकळीक आहे, पटली नाही तर सांगा.

भादुरी बंधू सगळ्यांत अवघड. शिबदास आणि विजयदास शेजारी-शेजारी खेळायचे आणि दिसायला इतके सारखे, की सामन्यात जागा बदलून समोरच्या बचावाला चकवायचे, असं सांगतात. म्हणजे मला दोन वेगळी माणसं करायची आहेत, पण बघणाऱ्याला क्षणभर कळता कामा नये की कोण कोण. दोघांचं डोकं एकाच साच्यातून काढलं. मग विजयदासची हनुवटी किंचित घासली, शिबदासचं वजन डाव्या पायावर टाकणार आहे. विजयदास झालाय. शिबदासचं नुसतं धड तयार आहे, आणि त्याच्यावर मी घाई करणार नाही.

रंगाबद्दल. मरून आणि हिरवा, यात वाद नाही. गंमत ही की कृष्णधवल फोटोत हे दोन्ही रंग जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उतरतात. म्हणून मी प्रत्येक मिश्रण पुठ्ठ्यावर लावून मोबाइलने कृष्णधवल फोटो काढतो आणि जुन्या फोटोशेजारी धरतो. माझा पहिला हिरवा फारच उजळ निघाला, त्यात काळा न टाकता थेंबभर मरूनच टाकला, तेव्हा तो बसला. दोन रंगांच्या सीमेवर तीन मिलिमीटरची मास्किंग टेप. ती रंग अर्धवट ओला असतानाच काढा. सध्या कोल्हापुरात पाऊस असा लागलाय की अ‍ॅक्रिलिकचा थरही दोन-अडीच तास चिकट राहतो. घाईत वॉर्निश मारला आणि नीलमाधवच्या पाठीवर पांढरी साय धरली. परत घासून रंगवला.

पाटावरचं मैदानही याच पावसामुळे बदललं. शील्ड जुलैत खेळायचे, ऐन पावसाळ्यात. ओल्या चिखलात बुटाच्या खिळ्यांना पकड मिळते आणि अनवाणी पाय घसरतो, त्यामुळे कोरडं मैदान या संघाच्या फायद्याचं. मी गवत दाट आणि हिरवंगार ठेवलं होतं, ते आता मधे-मधे विरळ केलंय, आणि गोलसमोर माती उघडी.

त्या वर्षीचा त्यांचा प्रवास असा: सेंट झेवियर्सवर ३-०, रेंजर्सवर २-१, रायफल ब्रिगेडवर १-०. सेमीफायनलला मिडलसेक्स रेजिमेंटशी १-१ बरोबरी, आणि फेरसामन्यात ३-०. २९ जुलै १९११ला फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. प्रेक्षक साठ ते ऐंशी हजार होते असा अंदाज दिला जातो. ज्यांना मैदान दिसत नव्हतं त्यांना पतंग उडवून स्कोअर कळवत होते म्हणे. सार्जंट जॅक्सनने फ्री किकवर आधी गोल केला. शिबदासने बरोबरी साधली, आणि सामना संपत आला असताना शिबदासच्याच पासवर अभिलाष घोषने दुसरा मारला. २-१.

मी पाटावर जो क्षण धरतोय तो हाच: चेंडू शिबदासच्या पायातून नुकताच सुटलाय आणि अजून अभिलाषपर्यंत पोचलेला नाही. म्हणून चेंडू सगळ्यांत शेवटी बसवणार, मधे, एकटा. त्याला चामड्याच्या फाकी आणि वरची नाडीची शिवण करून झाली आहे. नाडीसाठी शिलाई मशीनचा दोरा जाड पडला, रेशमाचा एक पदर सोडवून वापरला.

सामन्यानंतर कुणी वृद्धाने फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून तो कधी उतरणार असं विचारल्याची कथा सगळीकडे आहे. ती वृद्धाची मूर्ती पाटाच्या कोपऱ्यात कर, असं दोघांनी सुचवलं. मी नाही करणार. बंगालची फाळणी १९०५ची आणि ती रद्द झाल्याची घोषणा डिसेंबर १९११ची, त्यामुळे त्या विजयाला राजकीय अर्थ चिकटणं अगदी साहजिक होतं, ते मला मान्य आहे. पण माझ्या पाटावर अकरा जण पुरेत.

राहिलेलं काम: शिबदासचे हातपाय, हीरालाल पूर्ण (पुट्टीचा गोळासुद्धा मळलेला नाही), कानू रॉयचे केस, आणि अभिलाषच्या उजव्या घोट्याला आलेली केसाएवढी चीर. ती सुपरग्लूने भरून वाळायला ठेवली आहे, उद्या सकाळी कळेल.

एक वेगळा छोटा पाटही मनात आहे. १९२३ साली मोहन बागान मुंबईला रोव्हर्स कप खेळायला आला, फायनलपर्यंत पोचला आणि डरहम लाइट इन्फंट्रीकडून ४-१ने हरला. त्या संघात बॅकला गोष्ठ पाल होता, तोही अनवाणी. लोक त्याला चीनची भिंत म्हणायचे. १९६२ साली पद्मश्री मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. त्याची एकच मूर्ती, जरा मोठ्या मापात, १ः९. त्या मापात पाऊल तीन सेंटिमीटरच्या आसपास येईल, बोटं सुटी कोरता येतील. कुणाकडे रुंद, पसरट तळव्याचे जवळून काढलेले फोटो असतील तर पाठवा. अनवाणी खेळणाऱ्या माणसाचेच हवेत, आणि चपलेचा पट्टा उमटलेला नको.