घट्ट बांधलेली गाडी

परवा एक पोर्शे ९११, म्हणजे स्पोर्ट्स कार, ट्रेलरवरून पुढे न्यायची होती. पहिला टप्पा दुसऱ्या ड्रायव्हरने केला होता, मला ट्रेलर अर्ध्या वाटेत ताब्यात मिळाला. तो उतरता उतरता एवढंच म्हणाला की सत्तरच्या वर गेलं की ट्रेलर डोलतो, हळू चालव. आणि गाडी एकदम घट्ट बांधलीय, हात लावायची गरज नाही.

मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. पुढचे दोन्ही पट्टे बंपरमध्ये स्क्रू करतात त्या टो हुकमधून घेतलेले, एक डावीकडे ओढलेला, एक उजवीकडे. तो हुक गाडी सरळ ओढायला असतो, प्रवासभर बांधून ठेवायला नाही, त्यात आडवा ताण तर त्याला अजिबात चालत नाही. मागचे पट्टे लोअर आर्मवरून (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा), आणि डाव्या चाकाकडे पट्ट्याखाली ब्रेकचा होस, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, दाबलेला. गाडी पार खाली खेचलेली, स्प्रिंग दबलेले. बघणाऱ्याला वाटतं काय मस्त जखडलीय, पण खड्डा आला की स्प्रिंग अजून दबतात, तेवढ्या क्षणाला पट्टा सैल पडतो आणि पट्ट्याच्या टोकाचा उघड्या तोंडाचा हुक ट्रेलरच्या रिंगमधून निसटू शकतो. मागचा एक हुक रिंगच्या टोकावर येऊन तिरका अडकलेला होताच.

मी सगळं सोडलं. रॅचेट (पट्टा ताणायची दातेरी कळ) उघडल्या उघडल्या गाडी चार बोटं वर आली. होसच्या रबरावर पट्ट्याच्या कडेची खूण स्पष्ट दिसत होती, नखाने चाचपली तर खाच लागत होती.

तेवढ्यात मालकांचा फोन, "अहो, आधीच्यांनी नीट बांधली होती ना, तुम्ही का सोडली?" त्यांना फोटो पाठवले, समजावलं, पण त्यांचा विश्वास काही बसला नाही. त्यांना फक्त उशीर दिसत होता.

डोलण्याचं कारणही समोरच होतं. ९११ चं इंजिन मागच्या एक्सलच्याही मागे, साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर. अशी नाक पुढे करून चढवली की ते वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे जातं आणि ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर भारच राहत नाही. ट्रेलर आणि त्यावरची गाडी मिळून जे वजन होतं त्याच्या १० ते १५ टक्के तिथे यायला पाहिजे, नाहीतर वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा हलणारच. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी फळ्या लावून गाडी उतरवली (नाकाखालची लिप, म्हणजे बंपरची खालची कड, जमिनीपासून जेमतेम वर असते, फळ्यांशिवाय घासलीच म्हणून समजा) आणि उलटी, रिव्हर्समध्ये चढवली.

मग चारही टायर वेगवेगळे बांधले. पट्टा टायरवरून येतो, चाक ट्रेलरला धरून बसतं आणि वरची बॉडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी हलत राहते. ऐकायला सोपं वाटतं, पण या गाड्यांमध्ये टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं जेमतेम जातात, पट्ट्यावरचे रबरी ठोकळे घुसतच नाहीत. ठोकळे काढून पट्ट्यावर मऊ स्लीव्ह चढवायची, बोटांनी इंच इंच पुढे सरकवायचा, पीळ राहू द्यायचा नाही आणि कड रंगाला लागू द्यायची नाही. बहुतेक जण कंटाळतात ते इथेच आणि मग खाली जे हाताला लागेल त्यात हुक अडकवतात. लेबल फाटलेला पट्टा मी वापरतच नाही, किती ताण झेलेल तेच कळत नाही ना. आधी हाताने सगळी ढिलाई ओढून घ्यायची, मग रॅचेट, पट्टा गुंडाळतो त्या ड्रमवर किमान दोन वेढे बसले पाहिजेत. १५०० किलोची गाडी जोरात ब्रेक लागला की १२०० किलोच्या आसपास जोराने पुढे जायला बघते, युरोपियन नियमात हिशोब वजनाच्या ०.८ पटीने धरतात तो याचसाठी.

थोडं अंतर जाऊन थांबलो, सगळे पट्टे पुन्हा तपासले. पुढच्या डाव्याने अजून दोन क्लिक घेतल्या, टायर बसतो, पट्टा थोडा ताणला जाऊन सैल होतो, हे दर वेळी होतं. त्यानंतर तोच ट्रेलर त्याच रस्त्यावर ऐंशीला सरळ चालला.

पोचल्यावर मालकांना होस दाखवला आणि बदलल्याशिवाय गाडी जोरात चालवू नका म्हणून सांगितलं. आधीच्या ड्रायव्हरलाही फोन केला. तो म्हणाला, "अरे, इतकी वर्षं असंच बांधतोय, कधी काही झालं का?" आणि मला तेच खुपतंय, कारण खरंच काही झालेलं नाही, त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. माणूस मेहनती आहे, ती गाडी त्याने मनापासून बांधली होती, पण बांधायचं कुठे हे त्याला कोणी शिकवलंच नाही, आणि आमच्याकडे शिकवायची पद्धतही नाही. ट्रेलर हातात देताना चारही चाकांचे फोटो काढायचे आणि घेणाऱ्याने खाली वाकून बघून सही करायची, एवढं मी ऑफिसला लिहून दिलंय. बघू म्हणालेत. पुढच्या आठवड्यात परत त्याच्याकडूनच गाडी घ्यायचीय, तेव्हा पट्टे त्याच्यासमोर सोडून त्याच्याच हाताने टायरवरून बांधून घेणार आहे.