मार्शमेलो फॉन्डंटचा गुळगुळीतपणा हा पाण्याचा हिशेब आहे

घरी केलेल्या मार्शमेलो फॉन्डंटविषयी, म्हणजे मार्शमेलो वितळवून साखरेत मळलेल्या आणि लाटून केकवर घालायच्या आवरणाविषयी, मला सर्वाधिक विचारले जाते ते स्मूदरबद्दल, म्हणजे ते आवरण घासून सपाट करायच्या फळीबद्दल: कोणता घ्यावा, किती दाबावा, किती वेळ फिरवावा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये केकचे सामान घेताना इतर बायकांशी गप्पा होतात, तेव्हाही सारे श्रेय किंवा सारा दोष त्या प्लास्टिकच्या फळीच्या पदरात पडतो. माझे मत निराळे आहे. स्मूदर हातात येईपर्यंत केक गुळगुळीत दिसणार की नाही हे बहुतेक ठरून गेलेले असते, आणि ते ठरवते पाणी. मार्शमेलोतील पाणी, आपण घातलेले पाणी, आतल्या क्रीममधील पाणी, हवेतील बाष्प आणि फ्रिजमधून बाहेर आल्यावर केकवर जमणारे दव, या सगळ्यांचा हिशेब जुळला की साध्या तळहातानेही पृष्ठभाग सुरेख होतो. मी ठाण्यात राहून घरातूनच केक करते. वर्षातले चार महिने हवा ओलसर असलेल्या गावात हा हिशेब टाळता येत नाही.

आठ इंची, म्हणजे साधारण 20 सेंटीमीटर व्यासाच्या आणि 10 सेंटीमीटर उंचीच्या गोल केकसाठी मी 300 ग्रॅम पांढरे मार्शमेलो, 20 मिलिलिटर पाणी आणि 550 ते 600 ग्रॅम आयसिंग शुगर घेते. मार्शमेलोच्या वजनाचा साधारण सहावा भाग पाणी असतो. म्हणजे 300 ग्रॅममध्ये ते 50 ग्रॅमच्या आसपास आले, त्यात आपले 20 मिळवले, की सुमारे 900 ग्रॅमच्या गोळ्यात सत्तरेक ग्रॅम पाणी होते, म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी. इतक्या थोड्या पाण्यावर सगळे चालत असल्यामुळे एक चमचा इकडेतिकडे झाला तरी गोळ्याचा स्वभाव बदलतो. पाणी जास्त झाले तर लाटलेली पारी केकवरून ओघळते आणि कडेवर पातळ होऊन फाटते, कमी झाले तर वळणावर बारीक भेगांचे जाळे उमटते. म्हणून पाणी चमच्याच्या अंदाजाने न घालता वजनकाट्यावर मोजावे, आणि साखरेचे प्रमाण मात्र हवेवर सोडावे. जुलैत मला पूर्ण 600 ग्रॅम, क्वचित थोडी अधिकच साखर लागते, तर पुण्यात डिसेंबरच्या कोरड्या दुपारी 550 ग्रॅमलाच थांबावे लागते आणि शेवटी अर्धा चमचा ग्लिसरीन घालावे लागते.

साखरेबाबत काटकसर करू नये. घरी मिक्सरमध्ये दळलेली पिठीसाखर कितीही बारीक वाटली तरी तिचे दाणे आयसिंग शुगरपेक्षा भरड असतात. एवढ्याशा पाण्यात ते विरघळत नाहीत आणि पारी ताणली की नेमकी त्या दाण्याशी उसवते. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये थोडे कॉर्नफ्लोअर असते, तरीही ती मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळावी. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पाकिटात बारीक खडे झालेले असतात आणि ते मळताना मोडत नाहीत.

मार्शमेलो आणि पाणी मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांनी गरम करावे आणि दर टप्प्याला ढवळावे. मायक्रोवेव्ह नसेल तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडे ठेवावे. सगळे तुकडे फुगून मऊ झाले की थांबायचे, कारण उरलेले आतल्या उष्णतेनेच वितळतात. अधिक तापवल्यास आपण मोजून घातलेले पाणी वाफ होऊन निघून जाते आणि हिशेब तिथेच बिघडतो. त्यानंतर दोन तृतीयांश साखर भांड्यातच मिसळून, गोळा शॉर्टनिंग (बेकिंगमध्ये वापरतात ते घट्ट वनस्पतिजन्य फॅट) लावलेल्या ओट्यावर काढून, उरलेली साखर थोडी थोडी घालत मळावे. पांढरे शॉर्टनिंग मिळाले नाही तर वनस्पती तूप चालते, पण त्याचा थोडा रवाळपणा हाताने चोळून मोडावा लागतो. मळताना भांड्याच्या कडेला सुकून बसलेला थर खरवडून गोळ्यात घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. तीच खरवड नंतर पारीत मोहरीएवढ्या गाठी होऊन दिसते आणि कोणत्याही स्मूदरने बसत नाही.

मळणे कुठे थांबवावे हे मिनिटांवर सांगता येत नाही, ते गोळ्याकडे पाहूनच ठरते. लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांनी हळूहळू ओढावा. तो दोरीसारखा लांबत जाऊन मध्येच लोंबला तर साखर कमी आहे. लगेच तुटून तुटलेल्या तोंडाशी कोरडी चुरचुर दिसली तर साखर जास्त आहे. चार-पाच बोटे लांबून, तुटताना टोकाला बारीक तंतू राहिले, की थांबावे. त्या घडीला गोळा कोमट असतो आणि आपल्याला वाटते त्याहून सैल असतो, कारण मार्शमेलोतील जिलेटिन शरीराच्या उष्णतेच्या आसपासच ढिले पडते आणि गार झाल्यावर पुन्हा घट्ट होते. म्हणून कोमट गोळ्याच्या सैलपणाला घाबरून साखर वाढवू नये. वरून शॉर्टनिंगचा पातळ हात फिरवून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, हवाबंद डब्यात तो रात्रभर बाहेरच ठेवावा. सकाळी दगडासारखा वाटला तर मायक्रोवेव्हमध्ये पाच ते दहा सेकंद पुरतात.

जिलेटिनचा उल्लेख झालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्याकडे विचारणा येते ती बहुधा अशी: "ताई, केक अंड्याशिवायचा आहे ना? मग आजींनाही चालेल." केक अंड्याशिवायचा असला तरी नेहमीच्या मार्शमेलोतील जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेले असते, आणि पाकिटावर तपकिरी खूण असते ती त्यामुळेच. हे मी आधीच सांगते. हिरव्या खुणेचे मार्शमेलो मिळतात, परंतु त्यांत अगर किंवा कॅराजीनन असते. अगरचा पदार्थ ताणला जात नाही, तुटतो, आणि पुन्हा वितळण्यासाठी त्याला 85 अंशांच्या आसपास तापावे लागते. असल्या मार्शमेलोंना या कृतीत बसवण्याचा अट्टहास करू नये. शुद्ध शाकाहारी घरासाठी ग्लुकोज, ग्लिसरीन आणि सीएमसी किंवा टायलोज (गोळ्याला घट्टपणा देणाऱ्या, डिंकासारख्या खाद्य पावडरी) यांवर केलेले फॉन्डंट हा वेगळा आणि अधिक भरवशाचा मार्ग आहे.

आता फॉन्डंटच्या खाली काय आहे, याकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे. फॉन्डंट हे केकवर घातलेले अंगाला चिकटून बसणारे वस्त्र आहे. खालचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा ते झाकत नाही, दाखवते. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी नॉन-डेअरी व्हिप्ड क्रीम त्याखाली कधीही चालत नाही, कारण तिच्यात पाणी भरपूर असते, साखर ते ओढून घेते, आणि तासा-दोन तासांत पारी आतून विरघळून घसरू लागते. शिवाय ती मऊ राहते, त्यामुळे स्मूदरने दाबताच बोटांचे खळगे पडतात. खाली घट्ट बसणारे काहीतरी हवे. बटरक्रीम थंड प्रदेशात उत्तम, पण ठाण्यातील एप्रिल-मेमध्ये लोणी खोलीच्या तापमानाला तग धरत नाही. म्हणून माझी पसंती गनाशला, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाला आहे. डार्क चॉकलेट असेल तर वजनाने 2 भाग चॉकलेट आणि 1 भाग क्रीम, उन्हाळ्यात अडीच भाग चॉकलेट. पांढऱ्या चॉकलेटला 3 भाग आणि उन्हाळ्यात साडेतीन. परदेशी कृती जशाच्या तशा उचलल्या की गनाश सैल होतो याचे कारण साधे आहे: तिकडच्या कृतींतील क्रीममध्ये फॅट 35 टक्क्यांच्या आसपास असते, तर आपल्याकडचे टेट्रापॅकमधील ताजे क्रीम बहुधा 25 टक्क्यांचे असते. फॅट कमी म्हणजे पाणी जास्त.

थर लावून भरलेला केक त्याच दिवशी गनाशने झाकू नये. तो गुंडाळून, वर एखादी हलकी सपाट फरशी किंवा ताट ठेवून रात्रभर बसू द्यावा, म्हणजे थरांमध्ये अडकलेली हवा निघून जाते आणि नंतर बाजूला पोट सुटल्यासारखा फुगवटा येत नाही. मग गनाशचा पहिला पातळ थर चुरा धरून ठेवण्यासाठी आणि दुसरा जाड थर आकारासाठी द्यावा. केकखाली असते तेवढ्याच मापाची दुसरी पाटी वर ठेवली, की दोन पाट्यांच्या कडांवर स्क्रेपर टेकवून भिंत अगदी सरळ करता येते. गनाश घट्ट झाल्यावर गरम पाण्यात बुडवून पुसलेली सुरी त्यावरून एकदा फिरवावी, आणि खोलीतील दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च केकच्या बाजूला आडवा धरावा. समोरच्या उजेडात निर्दोष दिसणाऱ्या भिंतीवरचे खळगे तिरक्या उजेडात सावल्यांसकट उभे राहतात. तिथे बोटाने गनाश भरून पुन्हा सुरी फिरवावी. या कामाला लागलेली पंधरा मिनिटे पुढे स्मूदरच्या तासाभराच्या खटपटीपेक्षा जास्त उपयोगी पडतात, असा माझा ठाम अनुभव आहे.

फॉन्डंट चिकटावे म्हणून गनाशवर उकळून गार केलेल्या पाण्याचा ब्रश फिरवावा, पण ओला थर दिसता कामा नये, हाताला जेमतेम चिकट लागले की पुरे. पाण्याचा एखादा थेंब राहिला तर तिथे फोड येतो.

लाटण्यापूर्वी पंखा बंद करावा. दिवाळीत करंज्या लाटणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते की उघडी पडलेली पारी कडेने सुकते आणि मुरड घालताना फाटते. फॉन्डंटचीही तीच खोड आहे, मात्र करंजीच्या पिठावर टाकतो तसे ओले फडके इथे टाकू नये, प्लास्टिक टाकावे. आपले घरचे लाटणे मध्ये जाड आणि टोकांना निमुळते असते, त्याने पारीवर लाटा उठतात, म्हणून सरळ, एकसारख्या जाडीचा लांब रोलर घ्यावा. पावसाळ्यात ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरावे आणि कोरड्या हवेत शॉर्टनिंगचा हात फिरवावा, कारण कोरड्या दिवसांत कॉर्नफ्लोअर उरलासुरला ओलावाही शोषून घेते. पारीची जाडी 3 ते 4 मिलिमीटर असावी. याहून पातळ पारीतून खालचे दोष दिसतात, याहून जाड पारी स्वतःच्याच वजनाने वरच्या कडेवर ताणून फाटते. रुंदी व्यास अधिक दोन वेळा उंची, म्हणजे आपल्या केकसाठी 40 सेंटीमीटर, आणि हाताळायला आणखी पाचेक सेंटीमीटर.

पारी केकवर टाकली की आधी वरचा सपाट भाग तळहाताने मध्यापासून बाहेर नेत बसवावा, लगोलग वरची कड सगळीकडून धरावी, कारण लोंबणाऱ्या पारीचे सगळे वजन तिथेच येते. मग बाजू हाताळावी. खाली पडणारी घडी दाबून बसवायची नसते, ती बाहेरच्या अंगाला हलकेच ओढून उघडायची आणि वरून खाली तळहाताने चिकटवत यायचे. दाबलेली घडी कायमची वळकटी होते. केक उंच असेल किंवा कडा अगदी धारदार हव्या असतील तर सरळ बाजूची पट्टी वेगळी गुंडाळावी आणि वर गोल चकती ठेवावी. सांधा दिसतो हे खरे, पण त्यावर नक्षीची किनार सहज बसते.

स्मूदर आत्ता घ्यावा. गोलाकार, हलक्या दाबाने, एका जागी न थांबता. हवेचा फुगा दिसला तर बारीक सुई तिरकी खुपसून, स्मूदरने हवा त्या छिद्राकडे ढकलावी. सुई सरळ खुपसल्यास छिद्राचा ठिपका उरतो. शेवटी प्लास्टिकच्या पारदर्शक जाड कागदाचा गुळगुळीत तुकडा हातात धरून वरच्या कडेवर फिरवला की ती अधिक टोकदार होते. हे सगळे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत आटोपावे. त्यानंतर वरची त्वचा सुकते आणि जास्त घासले तर तिच्यात रेषा पडतात. कॉर्नफ्लोअरचा पांढरा धुरळा राहिला असेल तर मऊ कोरड्या ब्रशने झटकावा, किंवा कपड्यांसाठीच्या, हातात धरायच्या स्टीमरची वाफ लांबून क्षणभर द्यावी आणि केक न हाताळता सुकू द्यावा.

फॉन्डंट लावलेला केक शक्यतो फ्रिजमध्ये ठेवू नये. जुलैत आमच्याकडे हवेचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी साचणारच, आणि एसीच्या थंड खोलीतून बाहेर काढलेला केकही याला अपवाद नसतो. फळे किंवा क्रीम आत असल्यामुळे फ्रिज अपरिहार्यच असेल तर केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोके तासभर तरी उघडू नये, म्हणजे दव पुठ्ठ्यावर जमते. तरीही केकला घाम आला तर पुसायचा मुळीच नाही. कोरडा ड्राय मोड लावलेला एसी किंवा दूर ठेवलेला पंखा त्याला सुकवतो, पुसलेला डाग मात्र कायम राहतो.

रंगाविषयी थोडक्यात: जेल रंगच वापरावेत, पाण्याचे रंग नव्याने पाणी घालतात. गडद लाल किंवा काळा हवा असेल तर रंग वितळलेल्या मार्शमेलोतच घालावा, कारण नंतर मळून तो भरपूर घालताना गोळा सैल होतो. काळे फॉन्डंट मी विकतच आणते. गुलाबी आणि जांभळा रंग उजेडात फिका पडतो, म्हणून ते केक झाकून ठेवावेत.

कापून उरलेली कड टाकू नये. कॉर्नफ्लोअर लागलेला भाग काढून, शॉर्टनिंगचा हात लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवली तर ती दोन आठवडे बाहेर चांगली राहते. तिच्यात 250 ग्रॅमला पाव चमचा टायलोज मळले की फुले-पाने करण्याजोगे घट्ट फॉन्डंट तयार होते. नव्या केकच्या पारीत मात्र ती मिसळू नये, कारण तिच्यातील पाणी तोवर किती उरले आहे हे वजनकाट्यावर कळत नाही.