शब्दवही : ‘थ्रूली’ने घातलेला घोळ

‘थरली’ (thoroughly, म्हणजे कसून, नीट) या इंग्रजी क्रियाविशेषणाचं पान बरेच दिवस अर्धवट पडून होतं. या महिन्यात ते पुढं सरकलं, पण आधी एक कबुली. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, ५१ व्या स्तोत्रात ‘वॉश मी थ्रूली’ (throughly; मला नीट धू) दिसलं आणि मी समासात पेन्सिलीनं ‘छपाईची चूक, एक ओ गळला’ असं ठोकून मोकळा झालो. चूक माझीच. ‘थ्रूली’ तेव्हा धडधाकट शब्द होता. ‘हॅम्लेट’च्या चौथ्या अंकात लेअर्टीस बापाचा सूड घ्यायची भाषा करतो, तीही ‘मोस्ट थ्रूली’.

‘थ्रू’ (through) आणि ‘थरो’ (thorough) मुळात एकच. जुन्या इंग्रजीतला ‘थुर्ह’, म्हणजे आरपार. जोर देऊन म्हणता म्हणता त्याची दोन अक्षरं झाली आणि पुढं दोघे भाऊ वेगळे निघाले. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधली परी ‘थरो बुश, थरो ब्रायर’ म्हणते ते झुडपांतून, काट्यांतून या अर्थानं; कसोशीचा तिथं मागमूस नाही. थरोफेअरमध्येही, म्हणजे रहदारीच्या रस्त्यात, तोच जुना अर्थ आहे.

मराठी रकान्यात मात्र एका शब्दानं भागत नाही. चौकशी कसून, बदल आमूलाग्र, चर्चा सांगोपांग, भिजणं नखशिखांत. आपल्याकडं क्रियापद बदललं की जोडीदार बदलतो. ‘पूर्णपणे’ मी खोडलं. सरकारी पत्राचा वास येतो त्याला.

स्तोत्राच्या ओळीवर अडकलो. आधी ‘खळखळून’ लिहिलं होतं. मग मूळ हिब्रू पाहिलं तर तिथं धुण्याचं क्रियापद कपड्यांचं, तुडवून मळ काढण्याचं! आणि सोबतचा शब्द आरपारचा नाहीच, वाढवण्याचा, पुष्कळदा करण्याचा. म्हणजे हिब्रू सांगतं किती वेळा, इंग्रजी सांगतं किती खोल. सध्या ‘पुन्हा पुन्हा आपटून’ लिहिलंय. प्रार्थनेत जरा धोबीघाटी वाटतं, पण मुळाच्या जवळ आहे.

राहिलं त्याच बायबलातल्या, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रातलं ‘थ्रूली फर्निश्ड’, म्हणजे पुरेपूर सज्ज. ते पाच मिनिटांत सुटलं. या पत्राच्या मूळ ग्रीकमध्ये वेगळं क्रियाविशेषणच नाही, उपसर्गावर काम भागलंय. आपलं ‘सुसज्ज’ तसंच.