वेस्ट क्लेअरमधली चुन्याची भिंत

आयर्लंडला जाणाऱ्या मराठी माणसाची यादी साधारण ठरलेली असते: डब्लिन, किलार्नी, मोहरचे कडे. मोहरला मीही गेले. कडे सर्वांत उंच जागी 214 मीटर आहेत, वारा नीट उभं राहू देत नाही आणि बसगाड्यांची गर्दी फार आहे. पण लिहायचंय ते तिथून अर्ध्या तासावर, क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबे गावाच्या बाजूला असलेल्या एका घराबद्दल. तिथे माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, आणि तिचा नवरा राहतात. माझा बहुतेक मुक्काम त्या घराच्या एका भिंतीपाशी गेला.

घर जुन्या आयरिश पद्धतीचं आहे. तीन खोल्या एका ओळीत, मधल्या स्वयंपाकघरात चूल, दगडी भिंती दोन फूट जाडीच्या आणि खिडक्या बेताच्या. जमिनीला जवळच्याच लिस्कॅनर गावची दगडी फरशी. या फरशीवर वळवळीत रेघा आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटलेल्या जिवांच्या वाटा. मी सकाळी चहाचा कप घेऊन त्या रेघांवर अनवाणी फिरायचे. फरशी गार लागायची, तरी.

आधीचे मालक वारल्यावर घर कित्येक वर्षं बंद होतं. ग्रामीण आयर्लंडमध्ये अशी घरं जागोजाग दिसतात आणि पाहून जीव तुटतो. सरकार रिकाम्या घराच्या दुरुस्तीला 50,000 युरोपर्यंत आणि मोडकळीला आलेलं असेल तर 70,000 युरोपर्यंत अनुदान देतं. घर 2007 पर्यंत बांधलेलं आणि निदान दोन वर्षं रिकामं हवं. योजना चांगलीच आहे. पण ताईच्या वेळी पैसे काम पुरं होऊन तपासणी झाल्यावरच मिळणार होते. ज्यांच्याकडे आधीच पैसा आहे त्यांनाच असं अनुदान परवडतं, हे मला पटत नाही. या दोघांनी म्हणूनच बरीचशी कामं स्वतःच्या हातांनी करायला घेतली.

तिथली दिनचर्या आपल्याकडच्या पाहुण्याला शिकावी लागते. गरम पाण्याचं बटण कुणी बंद करायचं यावरून घरात रोज एकदा तरी आवाज चढतो. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो आणि आपणही उचलायचं असतं, ओळख असो वा नसो. स्थानिक रेडिओवर बातम्यांसारखीच त्या दिवशीच्या मृतांची नावं आणि अंत्यविधीच्या वेळा वाचतात. तेव्हा स्वयंपाकघरात सगळे गप्प होतात. ताई आता त्यातली निम्मी आडनावं ओळखते. ताक आणि सोडा घालून केलेला तपकिरी पाव ती अर्ध्या तासात मळून भट्टीत सारते. यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही. गरम पावावर तिथलं लोणी लावलं की दुसरं काही लागत नाही.

एक दिवस पीटच्या रानात गेला. पीट म्हणजे दलदलीतली कुजक्या वनस्पतींची माती, तिच्या विटा कापून, वाळवून चुलीत जाळतात. आता पीट यंत्राने कापतात, पण ओल्या विटा उचलून चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, म्हणजे वारा लागून वाळतील, हे काम अजून हातानेच होतं. कंबर मोडली. 2022 पासून पीटच्या दुकानातल्या विक्रीवर बंदी आहे, मात्र ज्यांचा रानावर पिढीजात हक्क आहे ते स्वतःसाठी कापू शकतात. या दलदलीत हजारो वर्षांचा कार्बन साठलेला आहे, तो जाळू नये हे मला कळतं. पण त्या धुराचा वास घरात शिरला की आपण कुणाकडे तरी आलोय असं वाटतं, हेही खरं.

आता भिंत.

घराच्या पश्चिमेकडच्या, समुद्राकडून येणारा पाऊस थेट झेलणाऱ्या भिंतीला आतून कायम ओल असायची. पोपडे, काळी बुरशी, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास. एका ठेकेदाराने सल्ला दिला होता की आतून प्लास्टिक लावा आणि वर बोर्ड ठोका. ते ऐकून मला अजून संताप येतो, कारण त्यामुळे ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. दोष बाहेरच्या सिमेंटच्या गिलाव्याचा होता. या भिंती अनगड दगडांच्या, मधे चुना आणि माती, पायात ओल अडवणारा थर नाही. पाऊस थोडा आत जायचा आणि ऊन-वारा लागला की चुन्यातून बाहेर पडायचा. चूल बारा महिने पेटलेली असायची, तिच्या ओढीने घरातली हवाही खेळती राहायची. सिमेंट कडक असतं. घर जरासं हललं की त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, पाणी त्यांतून आत शिरतं आणि मग बाहेर यायला वाट उरत नाही. ओल्या अंगावर रेनकोट चढवून बटणं लावावीत तसं. पाणी मग आतल्या बाजूला, माणसांच्या अंगावर येतं.

तर आम्ही सिमेंट काढायला घेतलं. छिन्नी, हातोडा, डोळ्यांना चष्मा. पहिला दिवस मी वाटीएवढे तुकडे पाडत होते. शेजारचे आजोबा रोज दुपारी कुंपणाशी येऊन उभे राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर टोपी, बोलणं कमी. दुसऱ्या दिवशी ते फाटकातून आत आले, माझ्या हातातली छिन्नी घेतली आणि म्हणाले, "मधे ठोकू नकोस. वरून, कड धरून." त्यांनी दोन ठोके दिले आणि ताटाएवढा तुकडा सुटून खाली आला. त्याच्या मागे भिंत काळी, ओली. दगडांमधला चुना बोटाने उकरला तर लोण्यासारखा निघत होता. वाळलेल्या गवताचं एक पातं त्यात तसंच होतं.

आजोबांनी त्या ओल्या दगडांवर पंजा टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "हे सिमेंट मी आणि माझ्या भावाने लावलंय."

साठच्या दशकातली गोष्ट. दोघे भाऊ तेव्हा विशीच्या आतबाहेर. या वस्तीवर सिमेंटचं पहिलं घर हे. मालकाने त्या रात्री सगळ्यांना बोलावून खाऊ-पिऊ घातलं होतं. चुना म्हणजे गरिबी, दरवर्षी उन्हाळ्यात रंगवायची कटकट. सिमेंट म्हणजे ते एकदाचं संपलं. भाऊ पुढे इंग्लंडला बांधकामावर गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्या हातचं काम इथे उरलं ते एवढंच.

मला काय बोलावं कळेना. ताईने विचारलं, "थांबवू का?" ते म्हणाले, "छे. भिंत बुडतेय." आणि पुढचा तुकडा पाडला. त्यानंतर ते रोज आले, वरची कड तेच सोडवायचे. ज्या हातांनी हौसेने लावलं त्याच हातांनी इतक्या शांतपणे काढणं मला जमलं नसतं.

घराची दर्शनी भिंत आदल्या उन्हाळ्यात चुन्याने गिलावा करून झाली होती, तिला आता सफेदी द्यायची होती. चुना पातळ हवा, भिंत आधी पाण्याने भिजवलेली हवी आणि ऊन कडक नको. पहिला हात मारला तेव्हा वाटलं नुसतं पाणीच लावतोय. गिलावा जसाच्या तसा दिसत होता. मग वाळता वाळता तो आतून पांढरा होत गेला, आधी कडा, मग दगडांचे उंचवटे. चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड परत मिळतो आणि त्याचा पुन्हा चुनखडक होतो. असे चार-पाच हात, प्रत्येकामध्ये निदान एक दिवस. आजोबा म्हणाले की त्यांची आई शेवटच्या हातात कपड्यांची नीळ घालायची, पांढरं जास्त पांढरं दिसावं म्हणून. मी ब्रश हातात धरून बघतच राहिले. राजापूरला आमची आजी दिवाळीआधी हेच करायची, निळीच्या त्याच पुडीने.

त्या रात्री मी मामाला फोन लावला. राजापूरच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतींना तो येत्या मे महिन्यात सिमेंटचा गिलावा करणार आहे. मी अर्धा तास त्याला भिंती, भेगा, ओल सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, सगळं खरं. पण चुन्याचं काम करणारा गवंडी आणू कुठून? जे होते ते गेले, त्यांची मुलं मुंबईला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लेअरमध्येही चुन्याचा कारागीर मिळवायला ताईला वर्षभर थांबावं लागलं होतं, पण मिळाला तरी.

मामा मे महिन्यापर्यंत थांबायला तयार आहे. राजापूर, लांजा, देवगड या बाजूला चुन्याचा गिलावा करणारं कुणी तुमच्या माहितीत असेल, वय कितीही असो, तर कृपा करून कळवा. हाताखाली राबायला मी स्वतः येईन.