ड्रॅगनला नखं किती?

घड्याळाच्या डायलवरच्या चित्रातल्या चुका अज्ञानातून कमी आणि कामाच्या अडचणीतून जास्त होतात. ड्रॅगनचा पंजाच घ्या. क्लुआझोने ही एनॅमलची, म्हणजे धातूवर रंगीत काच भाजून चढवण्याची पद्धत. तीत सोन्याची केसासारखी तार वळवून आकृतीचे कप्पे पाडतात, त्यांत काचेची ओली पूड भरतात आणि ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजतात. साडेतीन सेंटिमीटरच्या डायलवर अख्खा ड्रॅगन बसवला की पंजाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरतात. तेवढ्यात पाच नखं म्हणजे पाच निमुळते कप्पे. टोकापर्यंत पूड पोचत नाही, हवा अडकते, भट्टीत बुडबुडा फुटून खड्डा पडतो. मग एक नख गुपचूप गळतं.

पण चीनमध्ये मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात पाच नखांचा ड्रॅगन मुख्यतः सम्राटाचा, चार नखांचा त्याच्या खालच्या मानकऱ्यांचा. जपानी ड्रॅगनला तर बहुधा तीनच. ‘सम्राटाचा ड्रॅगन’ म्हणून विकलेल्या डायलवर चार नखं असली, तर सम्राटाची पायरीच उतरली! उपाय सोपा आहे. अख्खा ड्रॅगन कोंबू नका, डोकं आणि एकच पंजा मोठा घ्या. नाहीतर नखांना तार न लावता ती शेवटच्या भाजणीआधी कुंचल्यानं रंगवा. सुकलेला रंग भट्टीत जाण्याआधी खरवडता येतो, नंतर नाही.

दुसरी चूक आरशातली. काचेच्या मागच्या बाजूनं रंगवायचं तर रेखाटन उलटं लागतं. तेच उलटं रेखाटन पुढे साध्या डायलला वापरलं की घात. नीट नेसलेल्या किमोनोची, म्हणजे जपानी झग्याची, नेसणाऱ्याकडून डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे वरची कड पाहणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे उतरते. उलट झाली तर तो मृतदेहाला नेसवलेला किमोनो! सामुराईची तलवारही डाव्या कमरेची उजवीकडे जाते. भाजण्याआधी हे दोनच तपासले तरी पुरे.

जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेच्या प्रसिद्ध छापचित्रात वेगळाच पेच आहे. तिथला निळा म्हणजे प्रशियन ब्लू नावाचा रंग, आणि तो भट्टीत टिकतच नाही. एनॅमलमध्ये निळा येतो कोबाल्टमधून, जो जांभळ्याकडे झुकतो. थोडं तांबं घातलं तर हिरवट झाक येऊन मूळच्या जवळ जाता येतं. आडवं चित्र गोलात कापताना कडेची होडी जाते. मुळात होड्या तीन आहेत, त्या मोजाव्यात. काट्यांचं भोक फुजी पर्वतावर येणार नाही, हेही आधीच आखून घ्यावं. वरच्या डाव्या कोपऱ्यातली शीर्षकाची चौकट मात्र खुशाल वगळावी. मूळ छाप जेमतेम ३८ सेंटिमीटर रुंद, डायलवर ती कित्येक पटींनी लहान होते. एवढ्यात अक्षरं वाचनीय राहत नाहीत, नुसते फराटे उरतात, आणि जपानी वाचणाऱ्याला ते पहिल्याच नजरेत कळतं.