मिठाचं पुस्तक कुठल्या कपाटात?

पहिल्या दिवशी ट्रॉलीवर एक्केचाळीस पुस्तकं होती. सगळी एकाच अभ्यासकाच्या घरून भेट आलेली, आणि त्या माणसाला कशात रस नव्हता ते शोधून काढणं अवघड होतं. खगोलशास्त्र, करपद्धती, संगीतातलं गणित, साथीचे रोग, समुद्र, मीठ. ग्रंथालयशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगिंगला लागलेली मी, मनात म्हटलं आठवड्याचं काम आहे. पाच आठवडे लागले.

वर्णनाचा भाग तसा सरळ. पुस्तकाचं नाव मुखपृष्ठावरून नाही, आतल्या शीर्षकपानावरून घ्यायचं. पानं मोजायची, आवृत्ती बघायची, लेखकाचं नाव आधीच्या नोंदींत ज्या रूपात आहे त्याच रूपात लिहायचं, नाहीतर एकाच माणसाचे कॅटलॉगमध्ये दोन होतात. हे सगळं मार्कच्या, म्हणजे पुस्तकाची नोंद संगणकाला वाचता येईल अशा साच्याच्या, रकान्यांत भरायचं. हेन्रिएट ॲव्रम यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये उभी केलेली ही रचना अजून जगभर चालते. शीर्षकाचा रकाना २४५. इंग्रजी नाव 'द'ने सुरू होत असेल, तर त्या रकान्याच्या दुसऱ्या दर्शकात, म्हणजे सूचना देणाऱ्या एका आकडी जागेत, ४ टाकायचा: इंग्रजीतली तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा, एवढं सोडून क्रम लाव, असं संगणकाला सांगायचं. मी पहिल्या नऊ पुस्तकांना शून्य ठेवलं. नऊच्या नऊ 'द'खाली जाऊन बसली.

पण खरी घसरगुंडी विषयावर झाली. एका पुस्तकाच्या नावात समुद्र होता, मुखपृष्ठावर लाटा. आमच्याकडे ड्यूई पद्धत, म्हणजे विषयाला आकडा द्यायचा आणि त्यावरून रॅकवरची जागा ठरवायची. मी बिनदिक्कत ५५१.४६ दिला, म्हणजे समुद्रविज्ञान. लेबल चिकटवलं, पुस्तक रॅकवर गेलं. दोन दिवसांनी माझं काम बघणाऱ्या मॅडम ते हातात घेऊनच आल्या.

"अनुक्रमणिका उघडली होतीस का?"

नव्हती उघडली. आत सगळा सागरी विमा होता: बुडालेली जहाजं, हप्ते, दावे. जागा ३६८, सामाजिक शास्त्रांच्या बाजूला, जवळजवळ दोनशे आकडे अलीकडे. विमा शोधणाऱ्याला ते पुस्तक कधीच सापडलं नसतं. त्या दिवसापासून नाव, उपशीर्षक, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि शेवटची सूची, एवढं चाळल्याशिवाय मी आकड्याला हात लावत नाही. पूर्ण वाचायला वेळ कुणाला आहे!

दोन विषय एकत्र आले की काय करायचं, याचे ड्यूईत नियम आहेत, आणि ते कळल्यावर माझी निम्मी ट्रॉली हलकी झाली. एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम असेल, तर जिच्यावर परिणाम झाला तिच्याकडे पुस्तक जातं. संख्याशास्त्र वापरून केलेला साथींचा अभ्यास संख्याशास्त्राच्या ५१९.५ मध्ये नाही, वैद्यकाच्या ६१० च्या घरात. हे पटतं, डॉक्टरच ते शोधणार. दोन्ही विषय सारखेच असतील, तर ज्याचा आकडा आधी येतो तिथे ठेवायचं. ग्रंथनामात अमेरिका आधी आणि जपान नंतर असलं तरी पुस्तक जपानच्या ९५२ मध्येच जातं, कारण अमेरिका ९७३. हे मात्र मला आजही नाणं उडवल्यासारखं वाटतं. पण निदान सगळे ते एकाच बाजूने उडवतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांना हेच खटकलं असावं. १९३३ च्या त्यांच्या कोलन पद्धतीत तयार खोका शोधायचा नसतो, विषयाचे सुटे भाग चिन्हांनी जोडून वर्गांक बांधायचा असतो. कल्पना सुचली ती मेकॅनो खेळणं बघून. अभ्यासक्रमात शिकताना मला ती पद्धत फार आवडली होती. पण आमच्या रॅकवर ड्यूई, आणि हजारो पुस्तकांची लेबलं कोण बदलणार?

मीठ शेवटपर्यंत राहिलं. ४१२ पानांचं पुस्तक: मिठावरचे कर, मिठाचा व्यापार, अन्न टिकवणं, खाणी, आणि चौदा पानं रसायनशास्त्र. ३३६ मध्ये सार्वजनिक वित्त, ६६४ मध्ये अन्नतंत्रज्ञान, ५४६ मध्ये अजैविक रसायन. तीन दिवस ते माझ्या टेबलावर इकडून तिकडे सरकत होतं. शेवटी मॅडमनी ड्यूईची सापेक्ष निर्देशसूची, म्हणजे शब्द आणि त्यांचे आकडे यांची यादी, उघडायला लावली. शब्दासमोर जो पहिला आकडा छापलेला असतो, तो अनेक विद्याशाखांना धरून लिहिलेल्या पुस्तकांसाठी. मिठासमोर ५५३.६३२. म्हणजे खनिजं! पुढे इतिहासाचा ०९ जोडला.

"खाण्याची गोष्ट दगडांच्या रांगेत?" मी म्हटलं.

"रांगेत एकाच जागी बसतं. कॅटलॉगमध्ये चार जागी बसव."

विषय शीर्षकांना, म्हणजे कॅटलॉगमध्ये ज्या शब्दांखाली पुस्तक शोधता येतं त्यांना, ती मुभा आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांचा दंडक असा की पुस्तकाचा निदान वीस टक्के भाग ज्यावर आहे, त्याला शीर्षक द्यावं. मी पेन्सिल घेऊन पानं मोजली. कराला ९६, अन्न टिकवण्याला ८८, व्यापाराला त्याहून जास्त. तिघेही बसले, मिठाचा इतिहास वरून होताच. रसायनशास्त्र चौदा पानांनी बाहेर.

परवा सहज त्याची देवघेव काढून बघितली. वर्षभरात सहा वेळा बाहेर गेलंय. तिघं इतिहासाचे, दोन अर्थशास्त्राचे, एक अन्नतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी. भूशास्त्राकडून अजून कुणी आलेलं नाही.